वायुध्वजाची शेवटची पानं

पोंकचे दिवस आले की सुरतेचा हिवाळा खरा वाटायला लागतो. एरवी इथली थंडी पाहुणीसारखी, दारातून डोकावते आणि निघून जाते. पण तापीकाठच्या टपऱ्यांवर निखाऱ्यांत ज्वारीची कोवळी कणसं खुपसली जातात, धूर जमिनीलगत रेंगाळतो, बाया गरम कणसं फडक्यात बांधून काठीने बडवतात आणि फडकं सोडलं की आतून हिरवे, ओलसर, वाफाळते दाणे निघतात, तेव्हा कुठे अंगावर शाल घ्यावीशी वाटते. वरून लिंबू-मिरीची शेव आणि सोबत ताकाचा पेला. सुरती माणूस याला पोंक म्हणतो. माझी माय चाळीसहून जास्त वर्षं या शहरात राहते, पण अजून हुरडाच म्हणते. "नाव बदलं म्हनीसन दाना बदलस का?" असं तिचं अहिराणीतलं म्हणणं. आणि खाऊन झालं की हमखास पुढे जोडते, "पन आपला वावरमाधला येगळा लागे."

यंदा पोंकबरोबर वायुध्वजही आला.

साड्यांच्या छापांची डिझाइनं करणं हे माझं काम. पर्वत पाटियाजवळच्या एका मार्केटात तिसऱ्या मजल्यावर माझं टेबल आहे. सकाळी मोपेडवरून जाताना चौकातल्या मोठ्या फलकावर तो दिसला आणि मी गाडी कडेला घेतली. मागचे लोक हॉर्न वाजवत राहिले. वायुध्वज! माझ्या लहानपणच्या हिंदी कॉमिक्समधला, दिवसा घड्याळं दुरुस्त करणारा आणि संकटाची चाहूल लागली की वाऱ्यावर स्वार होणारा. आता त्याच्यावर सिनेमा निघाला होता. फलकावर तो पाठमोरा उभा होता, काळ्या-राखाडी कातडी पोशाखात. पाठीवर फडफडणारी झूलही काळी. मी बराच वेळ त्या काळ्यात जांभळं शोधत राहिले. त्याची झूल जांभळी होती. स्वस्त छपाईमुळे तो जांभळा रंग रेषेच्या बाहेर सांडायचा, कधी त्याच्या खांद्यावर, कधी मागच्या ढगावर. आज माझ्या कामात असा रंग सरकला तर शेठ माल परत पाठवेल. पण तेव्हा मला वाटायचं, हा इतक्या जोरात उडतो की याचा रंग मागे राहतो.

तो हिवाळा मी सहावीत असतानाचा. आम्ही सुरतेच्या कारखान्यांच्या भागात, पांडेसऱ्याला राहायचो, एका रांगेतल्या दहा खोल्यांपैकी सातव्या खोलीत. आप्पा, म्हणजे माझे वडील, रंगाईच्या कारखान्यात होते. त्यांच्या नखांचा रंग पाहून आज कुठल्या रंगाचा लॉट चालला ते मला कळायचं. गल्लीच्या टोकाच्या गटारातून एक दिवस गुलाबी पाणी वाहायचं, एक दिवस मोरपंखी. थंडीत त्या पाण्यावर वाफ धरायची, आणि सकाळी शाळेला निघताना वाटायचं, गल्लीखालून कुणीतरी रंगीत स्वप्न पाहतंय.

माय घरी साड्यांवर खडे चिकटवायची. गोंदाची बाटली, खड्यांची वाटी आणि मांडीवर पसरलेली साडी. त्या हिवाळ्याच्या सुरुवातीलाच ती मोरीत घसरली आणि डाव्या पायाचं नडगीचं हाड मोडलं. पाय मांडीपर्यंत प्लास्टरात गेला. घरात एकच पलंग होता, तो तिचा झाला. आप्पा आणि मी खाली. सकाळच्या भाकरी मी थापायला लागले, जाड, कडा फाटलेल्या. माय पलंगावरून सांगायची, मी करायचे. पहिले काही दिवस मजा वाटली. मग हात भाजले आणि मजा गेली.

रसिककाका नावाच्या गुजराती म्हाताऱ्याचं कोपऱ्यावर वह्या-पेन्सिलींचं दुकान होतं. त्यात दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी कॉमिक्स टांगलेली असायची. भाड्याने आणायची, दुसऱ्या दिवशी परत. मी ती शाळेच्या पुस्तकात लपवून वाचायचे. एका दुपारी मायने पकडलं.

"काय वाची राह्यनी व?"

"काही नही."

"काही नही ते मोठ्यानं वाच. माले बी आयकू दे. दिनभर छत देखी देखी मन्हा डोया दुखी ग्यात."

मायला अक्षरओळख नव्हती. मी तिच्या पलंगाच्या कडेला बसले आणि हिंदी संवाद अहिराणीत सांगायला लागले. वायुध्वज पहिल्यांदा आमच्या खोलीत आला तो असा, मोडक्या पायाच्या बाईसमोर, खानदेशी बोलत. दोन दिवसांत मायने त्याचं नावसुद्धा घरचं करून टाकलं. वायुध्वजचा वायध्या झाला. "आज वायध्याले आनं का?" मी शाळेतून आले की हा पहिला प्रश्न.

आणि तिचे प्रश्न! मी एक चित्र सांगायचे, दुसऱ्यावर जायच्या आत ती अडवायची.

"तो जेवस कव्हय?"

"माय, ते दाखवतच नही."

"मंग उपाशी उडस का? आनि ती एवढी मोठी झूल कोन धोस? त्यानी माय कोठे शे?"

मला वैताग यायचा. पण उत्तर द्यावंच लागायचं, नाहीतर ती पान उलटू द्यायची नाही. म्हणून मी सांगायचे, त्याची माय नदीपलीकडे राहते, तो शनिवारी तिच्याकडे जेवायला जातो, झूल तीच धुते आणि काट्यांच्या कुंपणावर वाळत घालते. कॉमिक्सच्या दोन चित्रांच्या मधे एक पांढरी पट्टी असते, बोटाएवढी रुंद. एका चित्रात वायुध्वज गच्चीच्या काठावर उभा असतो, पुढच्या चित्रात ढगांत. मधलं उड्डाण कुणी काढलेलंच नसतं. ते त्या पांढऱ्या पट्टीत आपलं आपण उडायचं असतं. मायला वाचता येत नव्हतं, म्हणूनच कदाचित ती त्या पट्टीत माझ्यापेक्षा जास्त वेळ रमायची. खड्यांचा चिमटा हातात तसाच राहायचा, खिडकीतून येणारं ऊन पलंगावरून भिंतीवर चढायचं, आणि आम्ही दोघी त्या कोऱ्या जागेत त्याला जेवू घालत असायचो.

दीड महिन्याने प्लास्टर कापलं. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, आधार घेऊन हळूहळू पाय टेकवायला लागा. पण माय पाय टेकवेना. प्लास्टरातून निघालेला तो बारीक, पांढुरका, साल निघालेला पाय ती परक्याच्या वस्तूसारखा बघायची. आप्पा खांदा द्यायला पुढे झाले की ती पलंगाची कड घट्ट धरायची.

"हाऊ पाय माले मन्हा वाटतच नही," एकदा ती हळूच म्हणाली.

आठ दिवस गेले, दहा गेले. खडे चिकटवायचं काम परत जायला लागलं. ती भिंतीकडे तोंड करून झोपून राहायची. वायध्याचं नावही काढेना. आणि एका सकाळी आप्पा माझी पाठ थोपटत म्हणाले, "नंदा, औंदा शाळा ऱ्हाऊ दे. पुढला साल देखू. घरमा कोनी पाहिजे ना."

आप्पांनी हे रागाने म्हटलं नव्हतं. उलट त्यांचा आवाज इतका मऊ होता की मला वाद घालता आला नाही. आमच्या रांगेतल्या दोन मुलींची शाळा अशीच 'पुढल्या सालावर' गेली होती. त्या आता साड्यांना लेस लावत होत्या. मी चुलीशी बसून दप्तराकडे बघत राहिले. रडू आलं नाही. 

त्या दुपारी मी रसिककाकांकडून जे कॉमिक मिळालं ते उचलून आणलं आणि न विचारता मायजवळ बसून वाचायला लागले. त्यात नदीवरचा पूल तुटतो. पुलावर लग्नाचं वऱ्हाड. वायुध्वज पाठीवर पूल तोलून धरतो, शेवटचा माणूस पार होईपर्यंत. मग वारा त्याला सोडून जातो आणि तो खाली खडकांवर कोसळतो. मोठ्ठं चित्र होतं. वाळूत पडलेला वायुध्वज, दोन्ही पाय वाकडे, भोवती गाव जमलेलं. आणि गर्दीतून कुणीतरी विचारतं, वायुध्वज पुन्हा कधी उठेल का?

माय एव्हाना भिंतीकडून माझ्याकडे वळली होती. कोपरावर उठली होती.

"मंग?" ती म्हणाली.

मी पान उलटलं. पुढची पानं नव्हती. कुणीतरी फाडून नेली होती, शिवणीपाशी फक्त दातेरी कडा राहिली होती.

"मंग काय व्हयनं? सांग ना व."

मी थांबले नाही. पुस्तक तसंच समोर धरून, मागच्या उरलेल्या पानावर बोट फिरवत बोलत सुटले. गावातली माणसं रडायला लागली. कुणी म्हणालं, आता हा संपला. मग गर्दीतून एक शाळकरी मुलगी पुढे आली आणि म्हणाली, ऊठ. तो म्हणाला, माझ्यातला वारा गेला, मला उडता येणार नाही. मुलगी म्हणाली, उडू नको, फक्त उभा राहा. तू उठला नाहीस तर माझी शाळा बुडेल.

"तिनी शाळा कसाले बुडी?" मायने विचारलं.

"शाळा नदीपलीकडे होती ना. पूल तुटला. त्याने हात धरून नेलं तरच मुलं जातील." एवढं बोलून मी श्वास घेतला. मग वायुध्वजाने एक पाय टेकवला. खूप दुखलं. मग दुसरा टेकवला. आणि तो मुलांना घेऊन पाण्यातून चालत गेला. समाप्त.

माय बराच वेळ माझ्याकडे बघत होती. मग पुन्हा भिंतीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पीठ मळत होते. मागे पलंग करकरला म्हणून वळले तर माय उभी होती. आधाराला काही न धरता. पदराचं टोक दातांत घट्ट, कपाळावर घाम, डोळे मिटलेले. तीन श्वास ती तशी उभी राहिली असेल, मग धपकन बसली. त्याच दिवशी ती आणखी दोनदा उभी राहिली. आठवड्याभरात मोरीपर्यंत पोचली आणि सोमवारी मी शाळेत गेले.

ही गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं. पण मायचा तो पाय पुढे कायमचा थोडा वाकडा राहिला. ती लंगडते. थंडीत पाय ठणकतो, तेव्हा गरम वाळूची पुरचुंडी घेऊन शेकत बसते. कितीतरी वर्षांनी एका दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सहज विचारलं होतं, घाई केली होती का तेव्हा? वजन एकदम टाकलं होतं का? माय म्हणाली, आठवत नही. मी खिडकीबाहेर पाहत होते. माझी सहावी पास झाली, मग दहावी, मग डिझाइनचा कोर्स. प्रत्येक हिवाळ्यात मायच्या पायाने त्या दुपारची आठवण करून दिली. तिला सांगावं असं कितीदा मनात आलं. त्या पुस्तकात शेवट नव्हताच, तो मी माझ्या शाळेसाठी रचला आणि तू माझं खोटं ऐकून उभी राहिलीस. आप्पा गेले. त्यांनाही नाही सांगितलं.

आणि आता सिनेमा. माझी मुलगी ध्वनी नववीत आहे. घरात मराठी ऐकते, बोलते गुजरातीत. तिकिटं तिनेच काढली, दुपारच्या खेळाची. "नानीने पण लई जईए," म्हणाली, आजीलाही नेऊ या. मायला म्हटलं, वायध्या आलाय, चलतेस? तिचा चेहरा असा उजळला की मी नजर वळवली. कारण ध्वनीने मोबाइलवर वाचून दाखवलं होतं की सिनेमा त्याच पुलाच्या अंकावर आहे आणि मूळ कथेशी अगदी प्रामाणिक आहे.

प्रामाणिक तो होताच. अंधारात बसल्यावर मी आधी रंगावरून कुरकुरले, मग गप्प झाले. घड्याळांचं दुकान तसंच होतं. गच्चीचा काठ तसाच. वऱ्हाडातली बैलगाडीसुद्धा चित्रातल्यासारखी डावीकडून उजवीकडे जात होती. जी चित्रं मी पलंगाच्या कडेला बसून बोटाने दाखवली होती, ती एकामागून एक भिंतीएवढी होऊन समोर येत होती. फक्त पांढरी पट्टी कुठे नव्हती. तो उडाला की पूर्ण उड्डाण दिसायचं, प्रत्येक ढग, झुलीची प्रत्येक सुरकुती. माय सुरुवातीला एकदोनदा माझ्याकडे वाकली, काहीतरी विचारायला. पण तेवढ्यात पुढचं काही कोसळायचं आणि तिचा प्रश्न त्या आवाजात बुडायचा. मग तिने विचारणं सोडलं. मी तिच्याकडे बघत राहिले. तिच्या चेहऱ्यावरून निळा उजेड सरकत होता, आणि वाटत होतं, आपण दोघी खूप लांबून, दुसऱ्या कुणाच्या खिडकीतून आपलीच खोली बघतोय.

पूल तुटला. तो पडला. वाळू, वाकडे पाय, जमलेलं गाव. गर्दीतून तोच प्रश्न आला, शब्दाला शब्द. मग मी आयुष्यात पहिल्यांदा ती फाटलेली पानं पाहिली. वायुध्वज उठत नाही. गावातली माणसं टोप्या काढतात, त्याला खांद्यावरून घरी नेतात. तो खिडकीशी अंथरुणावर पडून लोकांची घड्याळं दुरुस्त करत राहतो आणि बाहेर वारा वाहत राहतो. बस. शेवट सुंदर होता, हे मला मान्य करायला हवं. पुढच्या रांगेत कुणीतरी मुसमुसत होतं.

नावं सरकायला लागली तरी कुणी उठलं नाही. अशा सिनेमांत नावांनंतर आणखी एक तुकडा असतो, हे आता शेंबड्या पोरांनाही ठाऊक असतं. मायला ते ठाऊक नव्हतं. लोक बसलेत म्हणून तीही बसली. पण ती खुर्चीत पुढे सरकली होती, आणि मला कळलं, तिला वाटतंय आता उठेल. नावांनंतर फक्त एका नव्या खलनायकाचे डोळे चमकले. पोरांनी शिट्ट्या मारल्या. दिवे लागले.

बाहेर पडून आम्ही तापीकाठी पोंक खायला गेलो. ऊन कलतं झालं होतं, पाण्यावर धुराचा पातळ पदर. माय बाकावर बसली, पाय लांब करून. ध्वनीने तिच्या हातात द्रोण दिला आणि हिंदीत विचारलं, "नानी, कैसा लगा?"

"चांगला शे," माय दाणे चघळत म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पन एवढं गाव जमनं, अन त्याले कोनी 'ऊठ' म्हनंच नही."

मग मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं, सगळं, एका दमात. पानं फाटलेली होती. शेवट माझा होता. तुझ्यासाठी नव्हता गं, माझ्यासाठी होता. आप्पा शाळा सोडवणार होते म्हणून. तू घाईने उभी राहिलीस, पाय वाकडा राहिला, तो माझ्यामुळे. बोलताना मी तिच्याकडे नाही, नदीकडे बघत होते.

मायने द्रोणातला एक खराब दाणा वेचून टाकला.

"पानं फाटेल व्हतात, माले माहीत व्हतं."

मी वळून पाहिलं.

"वाचता येत नही, पन देखता येस ना? तू त्या शेवटला कागदवर बोट फिरवी राह्यनी व्हती. तठे एक पोऱ्या दात घासी राह्यना व्हता." ती हसली. "दंतमंजननी जाहिरातमा कोठला वायध्या?"

"मंग तू उठनी कसाले?"

"तुनी शाळा बुडी राह्यनी व्हती. तूच ते सांगं व्हतं." ती इतक्या सहज म्हणाली, जणू मी वेळ विचारली होती. "पहिले कव्हय तू काही मांगं नव्हतं. त्या दिन मांगं. मंग मी काय पडी ऱ्हाऊ?"

शेजारच्या टपरीवर काठी पडत होती, धप्, धप्, आणि फडक्यातून दाणे सुटत होते. ध्वनी एकदा माझ्याकडे, एकदा आजीकडे बघत होती. अहिराणी तिच्या कानावरून जाते, अर्थ हाती लागत नाही.

"नानी शुं केय छे?" तिने विचारलं. काय म्हणतेय नानी?

मी डोळे पुसले. मग आजी जे म्हणाली ते तिला गुजरातीत सांगितलं, शब्दाला शब्द, पदरचं काहीही न घालता.